नव्या लिनक्सवर जुना ३२-बिट प्रोग्राम: हरवलेल्या लायब्ररी तयार करण्याची रीत

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातील कापसाच्या जिनिंगवर धर्मकाट्याशेजारच्या खोलीत बहुधा एक संगणक असतो. इंडिकेटरकडून सीरियल केबलने वजन घेणे, भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करणे आणि पावती छापणे एवढेच काम त्यावरचा प्रोग्राम करतो, पण हंगामात ते काम एक दिवस थांबले तरी कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येते. असा प्रोग्राम कधी काळी ३२-बिट लिनक्ससाठी लिहिलेला असतो, त्याचा सोर्स कोड कोणाजवळ नसतो आणि तो लिहून देणारा माणूस गाव सोडून गेलेला असतो. जुना संगणक बंद पडून नवा आला की त्यावर ६४-बिट लिनक्स बसते आणि प्रोग्रामची फाइल जशीच्या तशी उतरवून घेतली तरी तो सुरू होत नाही. शाळेच्या संगणक खोलीतील जुने शैक्षणिक प्रोग्राम आणि काही प्रिंटरचे जुने ड्रायव्हर यांचेही असेच होते. अशा वेळी प्रोग्राम टाकून द्यावा लागतोच असे नाही. त्याला हवी असलेली जुनी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल, मिळवून किंवा सोर्समधून स्वतः कंपाइल करून (चालणाऱ्या रूपात आणून) देता येते. ज्यांनी टर्मिनल थोडेफार वापरले आहे पण सोर्समधून कधी काही कंपाइल केलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

लेखातील कमांड, फाइलींची नावे आणि संगणकाचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये कमांड आणि अंक अर्थातच रोमन लिपीत टंकायचे आहेत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे सर्व अक्षरे लहान लिपीतील समजावीत. तिरपी रेघ, आडवी रेघ, टिंब व विसर्गचिन्ह जेथे दिले आहे तेथे तसेच टंकावे. उदाहरणातील प्रोग्रामचे नाव ‘काटा’ असे धरले आहे. उदाहरणे डेबियन व त्याच्या कुळातील वितरणांची आहेत, कारण आपल्याकडे उबुंटू, मिंट आणि डेबियन हेच जास्त आढळतात.

नेमके काय हरवले आहे?

या कामात सर्वात जास्त वेळ वाया जातो तो चुकीची लायब्ररी शोधण्यात, म्हणून काहीही डाउनलोड करण्यापूर्वी संगणक काय म्हणतो आहे ते शब्दशः वाचावे. प्रोग्राम असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन ‘फाइल काटा’ ही कमांड द्यावी. उत्तरात ‘एल्फ ३२-बिट’ आणि ‘इंटेल ८०३८६’ असे आले तर प्रोग्राम ३२-बिट आहे हे निश्चित झाले, आणि त्याला लागणारी प्रत्येक लायब्ररीसुद्धा ३२-बिटच हवी. एकाच प्रोग्राममध्ये ३२-बिट आणि ६४-बिट कोड मिसळत नाही. संगणकात तीच लायब्ररी ६४-बिट रूपात असली तरी या प्रोग्रामला तिचा काडीचाही उपयोग नाही.

आता प्रोग्राम सुरू करून पाहावा. फाइल डोळ्यांसमोर दिसत असूनही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश आला, तर नवखा माणूस हमखास गोंधळतो आणि फाइलचे नाव किंवा परवानग्या तपासत बसतो. या संदेशाचे कारण वेगळे आहे. प्रत्येक एल्फ फाइलमध्ये (लिनक्सच्या प्रोग्राम-फाइलींचा हा प्रकार) आपल्याला कोणत्या लोडरने, म्हणजे प्रोग्राम व त्याच्या लायब्ररी स्मृतीत आणणाऱ्या साधनाने, सुरू करायचे त्याचा पत्ता लिहिलेला असतो, आणि ३२-बिट इंटेल प्रोग्रामसाठी तो पत्ता ‘/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२’ असा असतो. नव्या ६४-बिट संगणकात केवळ ‘/लिब६४’ मधील ६४-बिट लोडर असतो. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हवा तो लोडर सापडत नाही, ‘फाइल नाही’ हे उत्तर लोडरबद्दलचे असते, आणि शेल मात्र ते प्रोग्रामच्या नावापुढे छापते. ही अडचण ३२-बिट लिबसी, म्हणजे मूळ सी लायब्ररी, बसवल्याबरोबर दूर होते, त्यासाठी काहीही कंपाइल करावे लागत नाही.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर गोष्ट निराळी आहे. तेव्हा तो प्रोग्राम दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी असतो, उदाहरणार्थ इंटेलचा प्रोग्राम एआरएम प्रोसेसरच्या रास्पबेरी पायवर चालवण्याचा प्रयत्न झालेला असतो, किंवा कर्नलमध्ये ३२-बिटचा आधारच बंद ठेवलेला असतो. एआरएमवर इंटेलचा प्रोग्राम चालवायला क्यूईएमयूसारखे अनुकरण करणारे साधन लागते, नुसत्या लायब्ररीने ते काम होत नाही.

तिसरा संदेश ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असा सुरू होतो आणि पुढे लायब्ररीचे नाव देतो. हा संदेश आपल्या कामाचा. लोडर सापडला आहे, प्रोग्राम उघडला आहे आणि त्या नावाची एक लायब्ररी कमी आहे, असा त्याचा अर्थ. मात्र लोडर एका वेळी एकच नाव सांगून थांबतो, म्हणून पूर्ण यादी ‘रीडएल्फ -डी काटा’ या कमांडने आधीच काढून घ्यावी आणि तिच्यातील ‘नीडेड’ शब्द असलेल्या ओळी कागदावर उतरवाव्यात. यासाठी बरेच जण ‘एलडीडी’ वापरतात. ते सोयीचे आहे, पण काही परिस्थितीत ‘एलडीडी’ तपासायचा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवू शकते, म्हणून कोठून आला हे माहीत नसलेल्या फाइलवर ते वापरू नये. ‘रीडएल्फ’ फक्त वाचते.

काही लायब्ररी या यादीत नसतात, कारण प्रोग्राम त्या चालू असताना गरजेप्रमाणे उघडतो. पावती छापताना किंवा अहवाल काढतानाच प्रोग्राम बंद पडत असेल तर हा संशय घ्यावा. ‘एलडी_डीबग=लिब्ज ./काटा’ अशी कमांड दिली की लोडर कोणती फाइल कोठे कोठे शोधतो ते ओळीने दिसते. यातील ‘एलडी_डीबग’ हे नाव मोठ्या लिपीत टंकायचे असते.

पहिला प्रयत्न तयार पॅकेजचा

स्वतः कंपाइल करणे हा शेवटचा मार्ग आहे असे माझे स्पष्ट मत आहे. वितरणाने दिलेले पॅकेज तपासलेले असते आणि त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. डेबियनमध्ये २०१३ साली आलेल्या ७ व्या आवृत्तीपासून एकाच संगणकावर दोन आर्किटेक्चरची (प्रोसेसर-प्रकारांची) पॅकेजे शेजारी शेजारी ठेवता येतात. ६४-बिट लायब्ररी ‘/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ मध्ये आणि ३२-बिट लायब्ररी ‘/यूएसआर/लिब/आय३८६-लिनक्स-जीएनयू’ मध्ये जाते, त्यामुळे दोन्ही एकमेकींच्या आड येत नाहीत. क्रमाने या तीन कमांड द्याव्यात:

सुडो डीपीकेजी --अॅड-आर्किटेक्चर आय३८६

सुडो एपीटी अपडेट

सुडो एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६ लिबएसटीडीसी++६:आय३८६

दुसरी कमांड दिल्यावर दोन्ही आर्किटेक्चरच्या याद्या उतरतात, म्हणजे नेहमीपेक्षा बराच जास्त डेटा लागतो. जेथे मोबाइलच्या डेटावरच सगळे चालते आणि दुपारी टॉवरचा वेग मंदावतो, तेथे हे काम तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या जोडणीवर करून घ्यावे. तेच वितरण आणि तीच आवृत्ती असलेल्या दुसऱ्या संगणकावर ‘एपीटी-गेट’ला ‘--डाउनलोड-ओन्ली’ हा पर्याय दिला की पॅकेजे बसत नाहीत, नुसती ‘/व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज’ मध्ये उतरतात. तेथून ती पेनड्राइव्हवर घेऊन गावातल्या संगणकावर ‘सुडो डीपीकेजी -आय’ या कमांडने बसवता येतात. मात्र त्या दुसऱ्या संगणकावर एखादे पॅकेज आधीपासूनच असेल तर ते पुन्हा उतरत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

फेडोरावर याच पॅकेजांच्या नावांच्या शेवटी ‘.आय६८६’ असते. आर्च लिनक्सवर ‘मल्टिलिब’ नावाचे भांडार चालू करून ‘लिब३२’ने सुरू होणारी पॅकेजे घ्यावी लागतात.

आपल्या कागदावरच्या यादीतील प्रत्येक नावासाठी पॅकेज शोधून झाल्यावर सहसा एक-दोन नावे उरतात. पडद्यावर मजकुराच्या चौकटी काढणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या बाबतीत ते नाव बहुतेक वेळा ‘लिबएनकर्सेस.एसओ.५’ असते. एनकर्सेसची ६ वी आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि वितरणांनी हळूहळू ५ क्रमांकाची लायब्ररी देणे बंद केले. डेबियन १२ मध्ये ती तयार मिळत होती, उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये नाही. आपल्याच वितरणाच्या आधीच्या आवृत्तीचे ३२-बिट पॅकेज अधिकृत भांडारातून मिळाले आणि ते अवलंबित्वाची तक्रार न करता बसले, तर तेवढ्यावर काम संपते. ते बसत नसेल किंवा आपले वितरण निराळे असेल, तर पुढचा भाग वाचावा.

येथे एक मोह आवरायला हवा. ‘लिबएनकर्सेस.एसओ.६’ला ‘५’ नावाची लिंक करून देण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. लायब्ररीच्या नावातील तो अंक म्हणजे प्रोग्रामशी झालेला करार आहे. आतील रचनांचा आकार किंवा फंक्शनची वागणूक बदलली की तो अंक बदलतात. खोटी लिंक दिल्यावर प्रोग्राम सुरू होईलही, पण चुकीच्या जागची स्मृती वाचून तो भलत्याच क्षणी कोसळू शकतो किंवा चुकीची आकृती दाखवू शकतो. ज्या प्रोग्रामवर शेतकऱ्याच्या कापसाचे वजन ठरते तेथे ही जोखीम घेण्याचा अधिकार कोणालाच नाही.

कंपायलरची तयारी

‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शिअल जीसीसी-मल्टिलिब’ ही कमांड दिली की ६४-बिट संगणकावरचा जीसीसी हा कंपायलर ‘-एम३२’ हा पर्याय स्वीकारून ३२-बिट फाइल तयार करू शकतो. सी++ मधील लायब्ररी असेल तर ‘जी++-मल्टिलिब’ हेही घ्यावे. एआरएमसाठीचा क्रॉस कंपायलर (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी फाइल तयार करणारा) आधीच बसवलेला असेल तर डेबियनमध्ये ‘जीसीसी-मल्टिलिब’ त्याच्याशी जुळत नाही आणि एपीटी तो काढून टाकायला सांगते. अशा वेळी ‘जीसीसी-आय६८६-लिनक्स-जीएनयू’ हा स्वतंत्र क्रॉस कंपायलर घ्यावा.

तयारी नीट झाली का ते पाहण्यासाठी पाच ओळींचा एखादा सी प्रोग्राम लिहून तो ‘-एम३२’ देऊन कंपाइल करावा, त्यावर ‘फाइल’ कमांड चालवावी आणि मग तो प्रत्यक्ष चालवून पाहावा. तो चालला तर कर्नल, लोडर, लिबसी आणि कंपायलर ही चारही अंगे ठीक आहेत. पुढे काही बिघडले तर दोष त्या विशिष्ट लायब्ररीच्या सोर्समध्ये किंवा आपण दिलेल्या पर्यायांत शोधायचा. ही चाचणी टाळू नये.

एनकर्सेस ५: पूर्ण उदाहरण

आनंदाची गोष्ट ही की, ५ क्रमांकाची लायब्ररी मिळवण्यासाठी एनकर्सेसचा जुनाट सोर्स शोधावा लागत नाही. आजच्या ६ व्या आवृत्तीच्या सोर्समध्येच जुन्या कराराप्रमाणे लायब्ररी तयार करण्याची सोय ठेवलेली आहे, आणि फेडोराचे जुन्या प्रोग्रामसाठीचे पॅकेजही त्याच सोयीने तयार होते. जुनी ओळख आणि आजवरच्या दुरुस्त्या दोन्ही यात मिळतात, म्हणून शिकण्यासाठी हे उदाहरण मला सर्वात योग्य वाटते.

जीएनयूच्या अधिकृत भांडारातून सोर्सची संकुचित फाइल घ्यावी. ती चार एमबीच्या आत आहे. सोबतची सहीची फाइलही घेऊन ‘जीपीजी --व्हेरिफाय’ या कमांडने पडताळणी करावी. फाइल उलगडून त्या फोल्डरमध्ये जावे आणि पुढील कमांड एकाच ओळीत द्यावी, ज्यात सुरुवातीचे ‘सीसी’ मोठ्या लिपीत आहे:

सीसी="जीसीसी -एम३२" लिनक्स३२ ./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/जुने३२ --विथ-शेअर्ड --विदाउट-नॉर्मल --विदाउट-डीबग --विदाउट-अडा --विदाउट-सीएक्सएक्स-बाइंडिंग --विदाउट-प्रॉग्ज --विदाउट-मॅनपेजेस --विदाउट-टेस्ट्स --डिसेबल-डीबी-इन्स्टॉल --डिसेबल-वाइडसी --विथ-व्हर्जन्ड-सिम्स --विथ-एबीआय-व्हर्जन=५ --विथ-टर्मइन्फो-डर्स=/इटीसी/टर्मइन्फो:/लिब/टर्मइन्फो:/यूएसआर/शेअर/टर्मइन्फो

ओळ लांब आहे, पण तिच्यातील चार गोष्टी समजून घेतल्या की उरलेली आपोआप कळते, कारण ‘विदाउट’ने सुरू होणारे सर्व पर्याय नको असलेले भाग गाळण्यासाठीच आहेत.

‘-एम३२’ हा पर्याय ‘सीसी’मध्ये कंपायलरच्या नावासोबत दिला आहे. अनेक ठिकाणी तो ‘सीफ्लॅग्स’मध्ये देतात. काही जुन्या मेकफाइल (कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइली) कंपाइल करताना ‘सीफ्लॅग्स’ वापरतात पण शेवटी जोडणी करताना विसरतात, आणि मग ३२-बिट तुकडे ६४-बिट लायब्ररीत जोडण्याचा प्रयत्न होऊन ‘आय३८६ आर्किटेक्चर ऑफ इनपुट फाइल इज इनकम्पॅटिबल’ अशा शब्दांची त्रुटी येते. कंपायलरच्या नावातच पर्याय बांधून दिला की तो कोठेही गळत नाही. त्यापुढचे ‘लिनक्स३२’ हे छोटे साधन कॉन्फिगरला, म्हणजे सोर्ससोबत येणाऱ्या तपासणीच्या स्क्रिप्टला, संगणक ३२-बिट असल्याचे भासवते, म्हणजे ते स्वतःहून ६४-बिटचे अंदाज बांधत नाही.

‘प्रीफिक्स’ म्हणजे लायब्ररी शेवटी कोठे बसणार तो पत्ता. तो कधीही ‘/यूएसआर’ देऊ नये. वितरणाच्या फोल्डरमध्ये आपण हाताने टाकलेली फाइल पुढच्या अपडेटमध्ये पुसली जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे वितरणाच्या एखाद्या प्रोग्रामच्या हाती लागते.

‘विथ-एबीआय-व्हर्जन=५’ हा या सगळ्याचा गाभा. यानेच फाइलच्या नावात आणि आतील करारात ५ हा अंक येतो. ‘डिसेबल-वाइडसी’ दिल्यामुळे साधी लायब्ररी तयार होते. आपल्या कागदावर ‘लिबएनकर्सेसडब्ल्यू.एसओ.५’ असे नाव असेल, म्हणजे ‘सेस’च्या पुढे ‘डब्ल्यू’ असेल, तर या पर्यायाऐवजी ‘--इनेबल-वाइडसी’ द्यावे. यादीत ‘लिबटीइन्फो.एसओ.५’ हेही नाव असेल तर ‘--विथ-टर्मलिब’ हा पर्याय वाढवावा, नसेल तर वाढवू नये.

शेवटचा पर्याय टर्मिनलच्या माहितीच्या पत्त्यांचा आहे आणि तो बहुतेक सगळे विसरतात. तो दिला नाही तर लायब्ररी ही माहिती ‘/ऑप्ट/जुने३२’च्या आत शोधते, तेथे काहीच नसते, आणि सर्व काही बरोबर कंपाइल होऊनही प्रोग्राम ‘एरर ओपनिंग टर्मिनल’ म्हणून बंद पडतो.

कॉन्फिगर पूर्ण झाल्यावर ‘मेक’ आणि मग ‘सुडो मेक इन्स्टॉल’ द्यावे. पर्याय बदलून पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर आधी ‘मेक डिस्टक्लीन’ करावे, नाहीतर आधीचे तुकडे नव्यात मिसळतात. मेक चालू असताना वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला तर संगणक सुरू झाल्यावर ‘मेक’ पुन्हा दिले की काम राहिलेल्या जागेपासून पुढे जाते. पण वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट किंवा रिकामी राहिलेली असू शकते, आणि तिची वेळ नवी असल्यामुळे मेक तिला पूर्ण समजते. म्हणून अशा वेळी ‘मेक क्लीन’ करून सुरुवातीपासून जावे. एनकर्सेस लहान आहे, साध्या संगणकावरही फार वेळ लागत नाही.

आता ‘फाइल -एल /ऑप्ट/जुने३२/लिब/लिबएनकर्सेस.एसओ.५’ ही कमांड देऊन खात्री करावी. येथील ‘-एल’ मोठ्या लिपीतील आहे, कारण ते नाव म्हणजे लिंक असते आणि आपल्याला तिच्यामागची खरी फाइल तपासायची असते. उत्तरात ३२-बिट आणि इंटेल ८०३८६ हे शब्द दिसले पाहिजेत.

लायब्ररी प्रोग्रामच्या हाती कशी द्यावी?

नवी लायब्ररी ‘/इटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ मध्ये नोंदवून सगळ्या संगणकाला खुली करता येते. मी तसे करू नये असे सांगेन. जुनी लायब्ररी ज्या प्रोग्रामला हवी आहे त्यालाच दिसावी, इतर कोणालाही नाही. त्यासाठी एक छोटी शेल स्क्रिप्ट पुरते. तिच्या पहिल्या ओळीत नेहमीप्रमाणे शेलचा पत्ता, दुसऱ्या ओळीत ‘एक्सपोर्ट एलडी_लायब्ररी_पाथ=/ऑप्ट/जुने३२/लिब’ आणि तिसऱ्या ओळीत ‘एक्झेक’ हा शब्द व पुढे काटा प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहावा. यातील ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ मोठ्या लिपीत असते. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी देऊन डेस्कटॉपवरचे चिन्ह तिच्याशी जोडावे.

प्रोग्राम आतून छपाईची ६४-बिट कमांड चालवत असेल तर तिलाही हा पत्ता वारशाने मिळतो, पण लोडर भलत्या बिटच्या लायब्ररी ओलांडून पुढे शोधत राहतो, त्यामुळे ३२-बिट फोल्डरने त्या कमांडचे सहसा बिघडत नाही. त्याच फोल्डरमध्ये ६४-बिट लायब्ररीही ठेवल्या तर मात्र हे संरक्षण संपते. म्हणून दोन्हींचे फोल्डर कायम वेगळे असावेत.

‘पॅचएल्फ’ हे साधन वापरून लायब्ररीचा पत्ता प्रोग्रामच्या फाइलमध्येच लिहिता येतो आणि स्क्रिप्टची गरज उरत नाही. आधी मूळ फाइलची प्रत काढावी, मग ‘पॅचएल्फ --फोर्स-आरपाथ --सेट-आरपाथ /ऑप्ट/जुने३२/लिब काटा’ असे द्यावे. ‘फोर्स-आरपाथ’ दिले नाही तर पॅचएल्फ नव्या पद्धतीची नोंद करते, जी प्रोग्रामने थेट मागितलेल्या लायब्ररींनाच लागू होते. त्या लायब्ररीने पुढे मागितलेली दुसरी जुनी लायब्ररी मग सापडत नाही, आणि फोल्डरमध्ये फाइल असूनही ती सापडत नसल्याचा संदेश पाहून माणूस हैराण होतो.

प्रोग्राम सुरू होताना ‘नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल’ अशी ओळ छापली गेली तर ती केवळ सूचना आहे. प्रोग्राम पुढे चालतो. ‘व्हर्जन … नॉट फाउंड’ किंवा ‘अनडिफाइंड सिम्बॉल’ आले तर मात्र लायब्ररीचे पर्याय पुन्हा तपासावे लागतात.

सोर्स जुना आणि कंपायलर नवा असेल तर

एनकर्सेसच्या बाबतीत सोर्स आजचा होता. प्रत्येक लायब्ररीचे असे भाग्य नसते. पावतीवर बोधचिन्ह छापणाऱ्या प्रोग्रामला ‘लिबपीएनजी१२.एसओ.०’ ही चित्रांची लायब्ररी लागते, आणि त्यासाठी लिबपीएनजीच्या १.२ मालिकेचाच सोर्स हवा. त्या मालिकेतील शेवटची १.२.५९ ही आवृत्ती घ्यावी, मधली कोणतीही नाही, कारण करार तोच राहतो आणि दुरुस्त्या जास्त मिळतात. हा नियम सर्व जुन्या लायब्ररींना लागू आहे. लिबपीएनजीला झेडलिब ही संकोचनाची लायब्ररी लागते, म्हणून ‘झेडलिब१जी-डेव्ह:आय३८६’ आधी बसवावे. ते विसरल्यास लिंकर ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ म्हणून ६४-बिट झेडलिबचा पत्ता छापतो आणि ‘कॅनॉट फाइंड -एलझेड’ म्हणून थांबतो. झेडलिब तर आहे, मग सापडत का नाही, असा प्रश्न पडण्याआधी वरची ओळ वाचावी. उत्तर तिच्यातच असते.

जुन्या सी सोर्सला नव्या जीसीसीचे तीन अडथळे वारंवार येतात. पहिला २०२० मधील जीसीसी १० पासूनचा: एकच जागतिक व्हेरिएबल अनेक फाइलींत घोषित केलेले असले तर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून जोडणी थांबते. त्यावर ‘-एफकॉमन’ हा पर्याय पुरतो. दुसरा २०२४ च्या जीसीसी १४ चा, आणि हाच सर्वात फसवा आहे. आधी घोषित न केलेले फंक्शन वापरणे किंवा फंक्शनचा प्रकार न लिहिणे यावर पूर्वी केवळ सूचना मिळत असे, आता ती त्रुटी धरली जाते. फसवा अशासाठी की, जुनी कॉन्फिगर स्क्रिप्ट ज्या लहान चाचण्या करते त्यांचा कोडही याच ढिल्या पद्धतीने लिहिलेला असतो. चाचणी कंपाइल होत नाही, आणि कॉन्फिगर समजते की संगणकात ती सोयच नाही. मग झेडलिब समोर असून ‘झेडलिब नाही’ असे उत्तर येते, किंवा काहीच तक्रार न करता लायब्ररीचा एखादा भाग गाळला जातो. असा संशय आला की ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल उघडून त्या चाचणीपर्यंत जावे. खरी त्रुटी तेथे अक्षरशः लिहिलेली असते. तिसरा अडथळा २०२५ च्या जीसीसी १५ चा आहे, ज्यात सी भाषेचे २०२३ चे प्रमाण मूळ धरले जाते आणि ‘बूल’ हा आरक्षित शब्द होतो, त्यामुळे स्वतःचा ‘बूल’ घोषित करणारे जुने सोर्स अडतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही अडथळ्यांवर ‘सीसी’मध्ये ‘-एम३२’ सोबत ‘-एसटीडी=जीएनयू८९’ देणे हा पहिला उपाय आहे. जुन्या सी++ साठी ‘-एसटीडी=जीएनयू++९८’ देऊन पाहावे.

फार जुन्या सोर्समध्ये प्रोसेसर ओळखणाऱ्या ‘कॉन्फिग.गेस’ आणि ‘कॉन्फिग.सब’ या फाइली इतक्या जुन्या असतात की नवा प्रोसेसर त्यांना ओळखताच येत नाही. ‘ऑटोटूल्स-डेव्ह’ पॅकेज बसवून ‘/यूएसआर/शेअर/मिस्क’ मधील नव्या प्रती त्यांच्या जागी ठेवाव्यात. कंपाइल झाल्यावर सोर्ससोबत चाचण्या असतील तर ‘मेक चेक’ अवश्य चालवावे. लिबपीएनजीत त्या आहेत.

काही लायब्ररींच्या वाट्याला जाऊ नये

ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, कधीही स्वतः कंपाइल करून बदलू नये. तिची जुनी प्रत वितरणाच्या जागी बसली तर लॉगिनपासून सर्व काही एका क्षणात ठप्प होऊ शकते, आणि तशी गरजही नसते. ग्लिबसी जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेते. नवा प्रोग्राम जुन्या ग्लिबसीवर चालत नाही, उलट दिशेने अडचण क्वचितच येते.

‘लिबएसटीडीसी++.एसओ.५’ ही जीसीसी ३.२ आणि ३.३ च्या काळातील आहे. २००४ मधील जीसीसी ३.४ पासून तिचा अंक ६ झाला. ती सोर्समधून हवी असेल तर तो जुना कंपायलरच आजच्या कंपायलरने तयार करावा लागतो, जे नवख्याने हाती घेण्याचे काम नाही. डेबियनने तिचे पॅकेज अनेक वर्षे सांभाळले आहे. ३२-बिट पॅकेज तेथून घ्यावे.

ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीची जुनी आवृत्ती तयार करता येते, पण तिची १.१.१ मालिकासुद्धा सप्टेंबर २०२३ पासून सार्वजनिक सुरक्षा दुरुस्त्यांबाहेर गेली आहे. जुना प्रोग्राम इंटरनेटवर जाऊन काही पाठवत असेल तर त्याला जुनी ओपनएसएसएल देऊन जोडून ठेवणे धोक्याचे आहे. धर्मकाट्याच्या संगणकासारखा एकाच कामाचा संगणक नेटपासून तोडून ठेवता येतो आणि तसाच ठेवावा.

प्रत्यक्ष कामावर लावण्यापूर्वी

प्रोग्राम उघडला म्हणजे काम झाले असे नाही. नव्या संगणकांना बहुधा सीरियल पोर्ट नसतो, यूएसबीची जोडकेबल लावावी लागते, आणि मग पोर्टचे नाव ‘टीटीवायएस०’ ऐवजी ‘टीटीवाययूएसबी०’ होते (यातील ‘एस’ आणि ‘यूएसबी’ ही अक्षरे मोठ्या लिपीत असतात). ते प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये बदलावे, आणि वापरणाऱ्याचे खाते ‘डायलआउट’ गटात घालावे, नाहीतर पोर्ट उघडत नाही व दोष उगाच लायब्ररीवर ढकलला जातो. त्यानंतर वजन माहीत असलेली एखादी गाडी काट्यावर घेऊन इंडिकेटरवरचा आकडा, पडद्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा तिन्ही ताडून पाहावेत. भरले वजन, रिकामे वजन, रद्द केलेली पावती आणि दिवसाचा अहवाल असे प्रत्येक काम एकदा तरी करून पाहावे, कारण चालू असताना उघडल्या जाणाऱ्या लायब्ररींची उणीव तेव्हाच कळते. हे सर्व वेचणी सुरू होण्यापूर्वी, पावसाळ्यातच उरकावे.

सोर्सची फाइल, दिलेली कॉन्फिगरची पूर्ण ओळ, कंपायलरची आवृत्ती आणि तयार झालेला ‘/ऑप्ट/जुने३२’ फोल्डर हे सर्व एका पेनड्राइव्हवर ठेवून त्यासोबत साध्या मजकुराची टिपणफाइल लिहावी. संगणक पुन्हा बदलला तर बहुधा तो फोल्डर उतरवून आणि लिबसी६ चे ३२-बिट पॅकेज बसवून काम भागते.

एक मर्यादा मात्र कोणत्याही लायब्ररीने ओलांडता येत नाही. जुने ३२-बिट प्रोग्राम वेळ ३२ बिटांत मोजतात आणि ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपते. डेबियनने १३ व्या आवृत्तीत इतर ३२-बिट आर्किटेक्चरना ६४-बिट वेळेवर नेले, पण आय३८६ ला मुद्दाम वगळले, कारण तिचा उपयोगच आता असे जुने तयार प्रोग्राम चालवण्यापुरता उरला आहे आणि वेळेचा आकार बदलला असता तर तेच बंद पडले असते. म्हणून प्रोग्राम पुन्हा चालू झाला की त्यातील मागच्या हंगामांच्या नोंदी, जेथे प्रोग्राम तशी सोय देतो तेथे, साध्या मजकुराच्या फाइलीत काढून घेण्यास सुरुवात करावी, आणि तशी सोय नसेल तर दिवसाचा अहवाल प्रिंटरऐवजी फाइलकडे वळवून तो रोज जपून ठेवावा.